पेंटर आदोमाकोची वेबसाईट

आसाफो, कुमासी

प्रिय बादू,

चार वर्षांनी आलेलं माझं पत्र पाहून तू आधी नाक मुरडशील आणि मग शेजारच्या कोळ्याला म्हणशील, 'आदोमाको अजून जिवंत आहे म्हणायचा!' आहे. तू सेकोंदीच्या किनाऱ्यावर होड्यांवर नावं रंगवतोस असं कानावर आलं. म्हणजे वीस वर्षं माझ्या शेजारी शिडीवर उभं राहून शिकलेली अक्षरं आता खाऱ्या पाण्याला चाटायला देतोस. छान आहे. माशांना वाचता येत नाही, त्यामुळे तक्रार करायला कोणी नसेल.

आता माझं ऐक आणि हवं तितकं हसून घे. मी वेबसाईट बनवतो. बावन्नाव्या वर्षी, घरी बसून, आपला आपण शिकलो. समोरच्या आम्पोन्साचं फ्लेक्स छापायचं मशीन आलं आणि पेंटरचा धंदा बसला, म्हणून आदोमाको शहाणा झाला, असं मी गल्लीभर सांगत फिरलो. लोकांना ते पटलंही. लोकांना काहीही पटतं.

शिकवायला गुरू कोण, तर इंटरनेटवरचे फुकटचे व्हिडिओ. त्यातला एक गुळगुळीत तोंडाचा पोरगा दर वाक्याला म्हणायचा, 'मंडळी, हे तर एकदम सोप्पं!' लेका, इतकं सोपं असेल तर शिकवतोस कशाला? त्याने एकदा पाऊण तास रंगांचं शास्त्र सांगितलं. निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे वाढ. आपण निळा लावायचो तो निळ्याचा डबा उरलेला असायचा म्हणून, आणि गिऱ्हाईकांचा विश्वास त्याआधीच बसलेला असायचा. जन्मात कधी बोटाला टर्पेंटाइन न लागलेला माणूस मला तांबडा शिकवत होता! त्यांच्याकडे तांबड्याला सहा आकड्यांचा नंबर असतो. कैद्याला असतो तसा.

वेबसाईटच्या कोडमधला एक कंस बंद करायचा राहिला की अख्खं पान गायब. असा कंस मी एकदा सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शोधला. ब्रश असा सूड उगवत नाही, बादू. चुकला तर चिंधीने पुसतो आपण. आणि कंस सापडून पान नीट दिसायला लागलं, तर तेच पान फोनवर उघडल्यावर सगळी अक्षरं एकमेकांच्या मांडीवर, संध्याकाळच्या त्रोत्रो गाडीत माणसं कोंबलेली असतात तशी. दुसऱ्यांच्या वेबसाईटी पाहाव्यात तर सगळ्या एका साच्यातल्या. पांढरीफटक भिंत, आणि लॅपटॉपकडे बघून दात काढणारी एक बाई. लॅपटॉपमध्ये हसण्यासारखं काय असतं ते मला अजून सापडलेलं नाही.

पाच महिन्यांनी माझं पहिलं पान उभं राहिलं. त्यावर माझं नाव आणि खाली 'सुस्वागतम्'. आफ्रियेला बोलावून दाखवलं. ती हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "एवढे महिने खपून हे? शाळेच्या भिंतीवर हे तुम्ही चहा निवायच्या आत लिहायचात." मी कॉम्प्युटर बंद करून टाकला. बायको खरं बोलली होती, म्हणून जास्तच झोंबलं.

पहिलं गिऱ्हाईक कोण असेल? आंटी सेरवा. तीच आपली, कोपऱ्यावर फुफूचे गोळे आणि सूप वाढणारी खानावळवाली. ऑफिसातली माणसं आता फोनवरून जेवण मागवतात, म्हणून तिला वेबसाईट हवी होती. "मास्टर, तुम्ही स्वस्तात कराल आणि पळूनही जाणार नाही," असं तिने तोंडावर सांगितलं. मी तीन आठवडे राबलो. सूपचे फोटो काढले, बोकडाच्या मटणाला वेगळं पान दिलं. वर तिच्या खानावळीचं नाव टाकलं, 'ओबापा'. त्यासाठी इंटरनेटवरून फुकटचा एक ऐटबाज फॉन्ट घेतला. बटण दाबलं, तर नावातल्या पहिल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन!

ते अक्षर आपलं आहे ना, पाठ फिरवून बसलेल्या इंग्रजी सीसारखं. ज्याने तो फॉन्ट बनवला त्या दीडशहाण्याला असं अक्षर जगात आहे याचा पत्ताच नव्हता. मी आणखी नऊ फॉन्ट पाहिले. सगळीकडे चौकोन. शेवटी एका साध्यासुध्या फॉन्टात ते मिळालं, तेवढंच उचलून तिथे चिकटवलं आणि सेरवाला दाखवलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, "हे काय मास्टर? बाकीचं नाव बँकेचं दिसतंय आणि पहिलं अक्षर चोरून आणल्यासारखं. भलत्याच्याच दारात उभं आहे बिचारं. माझ्या बोर्डावरचं माझं नाव घाला की. लोक त्याला ओळखतात."

तिच्या बोर्डावरचं नाव तू रंगवलेलं आहेस.

मी म्हटलं, बादूची अक्षरं कशाला, मी मास्टर आहे, मीच काढून देतो. कागद घेतला, चपटा ब्रश घेतला, दार लावून घेतलं. अकरा कागद फुकट गेले. बारावा आफ्रियेने माझ्या हातातून काढून घेतला. हल्ली रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणंही तीच लावते.

आता तुला कळलं असेल. खरं तर तुला तेव्हाच कळलं होतं. तो दवाखान्याचा बोर्ड आठव. वरची ओळ मी रंगवली होती. एकही रेघ सरळ नव्हती, जणू चालत्या ट्रकमध्ये बसून लिहिली होती. डॉक्टरसाहेब तडकले, "हे काम कोणाचं?" आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, "याचं. याला किती वेळा सांगितलं, घाई करू नकोस म्हणून." बोट दाखवतानाही हात हलत होता. तू त्या हाताकडे पाहिलंस. चिडून एक शब्द बोलला असतास तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण तू माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंस, ब्रश गुंडाळलेस आणि गेलास. त्या कीव करण्याचा मला इतका राग आला की चार वर्षं तुला शिव्या देण्यात गेली. आम्पोन्साचं मशीन माझ्या पथ्यावर पडलं. धंदा मशीनने मारला असं सांगता येत होतं, हाताचं नाव घ्यावं लागत नव्हतं. आणि हे वेबसाईटचं खूळ मी का धरलं, माहीत आहे? थरथरत्या बोटाने कळ दाबली तरी अक्षर सरळ उमटतं. एवढंच कारण. बाकीच्या सगळ्या थापा. जगाला तुच्छ म्हणत बसलो, पण घरात एक भित्रा माणूस होता आणि तो आरशासमोर रोज दाढी करताना स्वतःला कापून घेत होता.

सेरवाच्या वेबसाईटवर मी शेवटी बोर्डावरच्या तुझ्या अक्षरांचा फोटो लावला. महिनाभरात बाजारातले तिघे येऊन गेले. कापडवाली म्हणाली, "मला सेरवासारखी अक्षरं हवीत." तिच्या नावातली निम्मी अक्षरं त्या बोर्डावर नाहीत. म्हणून हे पत्र, बादू. मला तुझ्या हातची सगळी बाराखडी हवी आहे. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, आणि आपली ती दोन, एक पाठ फिरवलेल्या सीसारखं आणि दुसरं इंग्रजी तीन उलटा केल्यासारखं, जी जगातल्या शहाण्यांना ठाऊक नाहीत. पांढऱ्या कागदावर काळ्या रंगात काढून पाठव. मी त्यांचा फॉन्ट बनवीन. तो कसा बनवतात ते अजून येत नाही, शिकेन. त्याला नाव तुझं असेल, आणि तो जिथे जाईल तिथे तू काढलेला म्हणूनच जाईल. नाही म्हणालास, तर तोही तुझा हक्क आहे. पण अक्षरं पाठव अगर नको पाठवू, एक सांगून ठेवतो. परवा मी त्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो होतो. दोन्ही हात टेबलावर ठेवले, हलत होते तसे हलू दिले, आणि म्हणालो, "ती ओळ माझी होती."

तुझाच,
आदोमाको