फळ्यांना टेकवलेला अ‍ॅम्प

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुझ्यावर चिडून बसलोय. काल वडशाला ऑर्गनवाले काका भेटले. झाडीपट्टीच्या नाटकांत तुझ्या प्रत्येक पदाला ज्यांनी साथ केली, तेच. चहा पिता पिता सहज म्हणाले, "तुह्या मायले शेवटले दोन सीझन काहीच ऐकू येत नोतं नं बापू. मंचावर अनवाणी उभी राहे अन् फळ्यांतून तुह्या बेसची थरथर पायानं ओळखून सूर धरे. तुले माईत नाई?" नाही, मला माहीत नाही! तबलेवाल्याला माहीत, मेकअप करणाऱ्या बाईंना माहीत, पडदा ओढणाऱ्यालाही माहीत. तुझ्या पुढ्यात बसून बेस गिटार वाजवणारा तुझा पोटचा मुलगा तेवढा अडाणी.

तेव्हा मला टोनचं वेड लागलं होतं. मोबाइलवर शिकवणारे सगळे एकच सांगत, अ‍ॅम्प लाकडाला टेकवू नका, आवाज घुमतो, एक सूर दुसऱ्यात मिसळतो. सिंदेवाहीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी रोज सकाळी रियाज घासत बसायचो. दोन्ही बोटांचा जोर सारखा पडावा, तार दाबताना खरखर येऊ नये, म्हणून एकच ओळ शंभरदा. उजवा हात मागे, तारा टेकतात त्या घोडीजवळ नेला की सूर कसा सुपारी फुटल्यासारखा स्वच्छ यायचा. आणि तू तांदूळ निवडत माझ्या अ‍ॅम्पला पाठ लावून बसलेली. मला वाटायचं, पाठ दुखते. "हे टणटण काऊन करून राह्यला? जाड वाजव. खालची तार धर." मी म्हणायचो, "आई, याले टोन म्हणतात. तुले नाई समजत." तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस आणि म्हणायचीस, "नाई समजत तं राहू दे. पण जाड वाजव." जिने जन्मात गिटारला हात लावला नाही, ती मला टोन शिकवतेय, म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. गावोगावी मी अ‍ॅम्प धानाच्या तणसाच्या भाऱ्यावर ठेवायचो आणि तू लुगडं खोचून मंचावरून उतरायचीस, सगळ्यांसमोर तो तुझा 'डब्बा' ओढत नेऊन मंचाच्या फळ्यांना टेकवायचीस. लोक हसायचे. माझं तोंड लाल व्हायचं.

का नाही सांगितलंस? काकांना विचारलं तर म्हणाले, तूच सगळ्यांना शपथ घातली होतीस. "त्याले सांगू नका. मायची दया करून वाजवन तं हात ढिला पडन." वा! म्हणजे माझ्या हाताची काळजी! अगं, एका शब्दानं सांगितलं असतंस तर जन्मभर जाड वाजवलं असतं, टोन गेला खड्ड्यात. तू मला काय समजत होतीस? जो मुलगा तुझ्याच पदांवर ताल शिकला, त्याला हे पेलणार नाही, हे तू परस्पर ठरवून टाकलंस. या गोष्टीचा मला भयंकर राग आहे आणि तो ओरडून सांगावा तर आता तू नाहीस.

आणि मग ती तालीम. नव्या सीझनला कोण राहणार, कोण जाणार हे ठरवायला कंपनीचे मालक समोर खुर्ची टाकून बसलेले. आदल्या दिवशीच आपलं भांडण झालं होतं. मी अ‍ॅम्प तणसाच्या भाऱ्यावर चढवला आणि म्हटलं, आज कोणी हात लावून बघा. मालकांसमोर तू खाली उतरू शकत नव्हतीस. असा टोन मला त्याआधी कधी लागला नव्हता. तुझी पहिली ओळ सवयीनं निभावली, दुसऱ्या ओळीला सूर घसरला आणि घसरतच गेला. काकांनी ऑर्गनचा भाता जोरात मारून बघितला, उपयोग झाला नाही. मालक नरमाईनं म्हणाले, "बाई, आता आराम करा." तुझी भूमिका नागपूरच्या एका मुलीला गेली. परतीच्या बसमध्ये तू इतकंच विचारलंस, "मी तुह्याकडे हात केला होता, डब्बा खाली ठेव म्हणून. दिसला नाई?"

मी मान हलवली, नाही दिसला. त्यानंतर तू कधी गायली नाहीस. घरातसुद्धा नाही.

आता नागपूरच्या स्टुडिओत लोक मला माझ्या टोनसाठी बोलावतात. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथेच, वहीत. तुझ्यावर मी हक्कानं चिडलोय आणि चिडणार, कारण तू मला सांगितलं नाहीस. पण त्या दिवशी तुझा हात मला दिसला होता, आई. दोनदा. टोन इतका सुंदर लागला होता की मी मान खाली घातली आणि वाजवत राहिलो.