मध्यरेषेकडे बघणारी

आप्पा, तुम्ही मला ज्या कारणासाठी शाळेच्या कबड्डी संघातून वगळलं होतं, ते कारण मी परवा बसमध्ये दोन अमेरिकन माणसांना सांगितलं.

मी आता कतारमध्ये असते, रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर. सकाळी कंपनीची बस येते आणि माझ्या पुढच्या सीटवर हे दोघे बसतात, एक पन्नाशीचा, एक तिशीतला, दोघेही एकाच संघाचे वेडे. त्यांचा फुटबॉल वेगळा. चेंडू काखेत मारून पळायचं आणि अंगावर येणाऱ्यांना चुकवायचं. कॉलेजात चमकलेले खेळाडू तिथले मोठे संघ दरवर्षी पाळीपाळीने उचलतात. यंदा आपल्या संघाने कोणाला घ्यावं यावर या दोघांचं महिनाभर जुंपलेलं. थोरल्याला वाऱ्यासारखा पळणारा एक जण हवा होता, धाकट्याला दुसरा, दणकट आणि जरा सावकाश. शेवटी थोरल्याने त्या दोन्ही खेळाडूंचे व्हिडिओ लावून फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, तुला यातलं काही कळत नाही, म्हणून तूच सांग.

मी बघू लागले आणि आप्पा, ती तर कबड्डीच होती. पळणारा सापडला की पडता पडता मान वळवून आपल्या कोचकडे बघायचा. दुसऱ्याच्या अंगाला तिघे लोंबकळतायत, तरी त्याची नजर पुढच्या रेषेवर आणि हात तिकडेच लांबवलेला. एकदम ते जुनं मैदान डोळ्यांपुढे आलं. मी आठवीत आहे, शाळेच्या मैदानावर तुम्ही तालुक्याला जाणाऱ्या मुलींची नावं वाचताय, आणि शेवटचं नाव माझं नाही, वीटभट्टीवरच्या त्या मुलीचं आहे. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात ताटावर बसल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "पकड बसली की ती मध्यरेषेकडे बघते. तू माझ्याकडे बघतेस." आई म्हणाली, जेवू दे तिला. मग तुम्हीच माझ्या ताटात भाकरी वाढलीत.

हे सगळं मी त्यांना इंग्रजीत जमेल तसं सांगितलं आणि दणकट मुलाकडे बोट दाखवलं. धाकट्याने विचारलं, "तुझे वडील कुठल्या संघासाठी खेळाडू निवडायचे?"

"एका झेडपीच्या शाळेसाठी," मी म्हणाले.

त्यांच्या संघाने पळणाऱ्यालाच घेतलं. थोरला खूश झाला, तरी बसमधून उतरताना मला म्हणाला की दुसऱ्या संघात गेलेल्या त्या दणकट पोराचेही सामने तो आता बघणार आहे. कोण खरं ठरतं याची मला फारशी उत्सुकता नाही. मी अजून त्या एकाच गोष्टीपाशी अडकले आहे. तुमच्याकडे व्हिडिओ नव्हता, काही नव्हतं, गळ्यात एक शिट्टी. आणि तेरा वर्षांच्या पोरीची मान कुठे वळते हे तुम्ही टिपलंत, ती पोर आपली असताना टिपलंत, आणि तसं वागलातही. एवढी नजर माणसाला येते कुठून?

तुम्ही गेलात, आता हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. तालुक्याच्या सामन्याला मी आले नव्हते असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात. मी आले होते, पाण्याच्या टाकीमागे उभी होते. तिघींना ओढत नेऊन त्या मुलीने रेषेला बोट टेकवलं, तेव्हा पहिली टाळी माझी होती.