मासे थांबले

आई,

दुपारची जेवणं आटोपली की तुम्ही स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचलून बाहेरच्या खोलीत आणायचात आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायचात. त्या वेळी मी त्याला हात लावायचा नाही, हे आपल्यात कधी न बोलताच ठरलेलं होतं. पाच मिनिटं कुणी काही केलं नाही की पडद्यावरचं काम झाकलं जायचं आणि पाण्यातून मासे यायचे. पिवळे, निळे आणि एक मोठा नारिंगी. माझ्या भावाने फ्लॉपीवर आणून दिलेला स्क्रीनसेव्हर होता तो. तुम्ही सुपारी कातरत त्यांच्याकडे बघत बसायचात. "आज नारिंगीची मिजास बघ," म्हणायचात, जणू तो खालच्या मजल्यावरचा कापडाचा शेठ आहे.

लग्नसराई तोंडावर आली आणि ते मशीन बिघडलं. मी गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिका पडद्यावर जुळवत बसलेली असायचे, कुकरची शिट्टी झाली म्हणून उठायचे, आणि परत येईपर्यंत सगळं गोठलेलं. माऊस हलत नाही, बटणं ऐकत नाहीत, नाहीतर मग एक राखाडी चौकोन आणि त्यात इंग्रजीत ताकीद. "काय म्हणतोय तो?" तुम्ही विचारलंत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली सून, शब्दाला शब्द लावून सांगितलं, की या प्रोग्रामने बेकायदेशीर काम केलंय, म्हणून त्याला बंद करतोय. "अगं बाई, आपल्या घरात?" म्हणून तुम्ही उठून दाराला कडी लावून आलात. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. सकाळपासून जुळवलेली पत्रिका परत उघडेचना.

पुढे पुढे तर ही बातमी तुमच्याकडूनच यायला लागली. "अगं, मासे थांबले!" अशी हाक आली की मी पोळी तव्यावर टाकून धावायचे. नारिंगी मासा मध्येच, तोंड उघडं ठेवून अडकलेला. मासे थांबले म्हणजे मशीन बंद पडलं, एवढाच अर्थ आपण काढत होतो. दुरुस्तीवाला आला, "व्हायरस है" म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरून गेला. मग मशीन शहाण्यासारखं वागलं. एका दुपारी तुम्ही स्टुलावर बसून, माझ्याकडे न बघता विचारलंत, "मासे कायमचे गेले का गं?" मी लगेच फ्लॉपी घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"भिया, हद हो गई," हे म्हणाले. चिडले की ते इंदुरी थाटात बायकोलाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणत, तुम्ही हसायचात. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. पोलोग्राउंडच्या कारखान्यात ह्यांचं काम कधी असे, कधी नसे, आणि घरात एक बंद पडणारं यंत्र त्यांना सहन होईना. "दोस्ताला विजय नगरच्या ऑफिससाठी मशीन पाहिजे, तो त्याच्या माणसाकडून नीट करून घेईल. खालच्या शेठच्या मुलीची ही पत्रिका निघाली तर ठीक, नाहीतर सोमवारी रात्री मी हा डब्बा देऊन टाकतो." लग्न होऊन इतकी वर्षं मल्हारगंजात मी 'वरच्या मजल्यावरची, इंग्रजी बोलणारी सून' होते. त्या मशीनमुळे लोक जिना चढून मला शोधत यायला लागले होते. कुणीतरी गल्लीत "पत्रिकावाली भाभी कहाँ रहती हैं?" विचारलं की मी खिडकीत मुद्दाम जरा उशिरा जायचे, अजून एकदा ऐकू यावं म्हणून.

खालच्या शेठच्या मुलीचं लग्न होतं. ते स्वतः वर आले, चपला बाहेर काढून. "भाभीजी, बुधवार को पहली पत्रिका खजराना में गणेशजी को चढ़ेगी. सोमवार शाम तक प्रेस में नहीं पहुँची तो मैं दूसरे को दे दूँगा, बुरा मत मानना." आणि सोमवारी दुपारी, सगळं जुळून फक्त मामापक्षाची नावं उरलेली असताना, मी दूध तापवायला उठले आणि तुमची हाक आली.

मी टेबलावर डोकं टेकून बसले आहे. तुम्ही अडकित्ता खाली ठेवला आहे. जवळ येत नाही, पाठीवरून हात फिरवत नाही. तुमचा तो स्वभावच नव्हता. म्हणता, "रडून झालं की सांग. तुझ्या नवऱ्याच्या अंगावर लहानपणी पित्त उठायचं. डॉक्टर थकले. मग मी त्याला नुसत्या मऊ भातावर ठेवलं, आणि रोज एकेक पदार्थ वाढवत गेले. तसं कर. याला भातावर ठेव."

"मग त्यांना कशाने उठत होतं?"

"बेसनाच्या सेवेने. इंदूरचा पोरगा, पोह्यावर सेव नाही म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्याआधी सगळं बंद करून बघितलं होतं मी, सेव सोडून. त्याला इतकी आवडायची, हात धजत नव्हता."

मी डोळे पुसून कामाला लागले. ह्यांचा पत्त्यांचा खेळ काढला, नक्षीचे जादा फॉन्ट काढले, पडद्यावरचं घड्याळ काढलं. एकेक काढायचं आणि मुद्दाम उठून स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं, कारण आता एवढं कळलं होतं, की मी समोर असताना ते कधी बंद पडत नाही, मी उठले की पडतं. ओट्याला धरून मी उभी, आणि बाहेर तुमच्या अडकित्त्याचा आवाज. तो थांबला की समजायचं, मासे थांबले. आणि दर वेळी तो थांबत होता. खाली शेठच्या दुकानात शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पडद्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे बघायचं मी टाळलं.

"आता मासेच राहिले ना?" तुम्ही विचारलंत.

"ते नुसतं चित्र आहे, आई."

"सेव पण नुसती सेवच होती."

मी मासे काढले. स्वयंपाकघरात गेले. उभी राहिले, कणीक भिजवली, कणकेचा गोळा झाकून ठेवला तरी तुमची हाक आली नाही. बाहेर आले तेव्हा मामापक्षाच्या ओळीवर कर्सरची छोटी काठी शांतपणे लुकलुकत होती. वारंवार बंद पडून अक्षरं विस्कटलेली ती फाइल टाकून मी पत्रिका पहिल्यापासून जुळवली, तुम्ही शेजारी बसून शेठच्या कागदावरची नावं मोठ्याने वाचलीत, आणि शेठचा माणूस जिन्यात उभा असताना प्रिंटरने कागद बाहेर टाकला. ह्यांनी दोस्ताला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. मशीन राहिलं. मी राहिले.

नंतर मी म्हटलं होतं, दुसरे मासे आणून देते, चांगले, त्रास न देणारे. तुम्ही "नको, सवय मोडली" म्हणालात. तरी काही दिवस दुपारी स्टूल घेऊन काळ्या पडद्यासमोर बसायचात. एकदा पदर सारखा करत म्हणालात, "आता ह्यात मीच दिसते." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता आम्ही दोघं मुलीकडे विजय नगरला राहायला जातोय आणि घर आवरायला काढलंय, म्हणून हे सगळं वर आलं. एक गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. तुमचे दिवस झाले, पाहुणे गेले, त्या दुपारी मी दाराला कडी लावली आणि ती फ्लॉपी पुन्हा घातली. तुमच्या स्टुलावर बसले. मासे आले. बराच वेळ फिरले, मग थांबले. मी तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

सेवेचा सोऱ्या नणंदबाईंना द्यायचा, त्या वर्षानुवर्षं मागताहेत. अडकित्ता ह्यांच्याजवळ राहील. मशीन भंगारवाल्याला, आधी मशीनला हात जोडून. स्टूल मुलीला, पण पाय कापून बुटकं करायचं नाही असं सांगून. फ्लॉपी आता कुठल्याच यंत्रात जात नाही. ती कुणाला द्यायची नाही. ती आणि हा कागद माझ्या कपाटात, तुमच्या चॉकलेटी नऊवारीच्या घडीत राहू दे.