दोनशे पंधरावं नाव

मंगळवार, ३ सप्टेंबर
माझं नावच नाही!

आमच्या चर्चच्या सभासदांचं जुनं रजिस्टर ओल लागून फाटायला आलं, म्हणून नव्यात उतरवून काढत होते. दोनशे चौदा नावं. शेवटच्या नावाखाली रेघ मारली आणि सहज माझं नाव शोधलं. नाही. पहिल्या पानापासून पुन्हा शोधलं. नाहीच!

एकोणीस वर्षं हे रजिस्टर मी लिहितेय. एकदाच येऊन गेलेला तो दाढीवाला फोटोग्राफरसुद्धा आहे त्यात. आम्ही इथं आलो तेव्हा कमिटीनं यांचं नेमणुकीचं पत्र फाइलला लावलं असणार. पाळकसाहेब आले, त्यांच्याबरोबर दोन पलंग, एक टेबल आणि बायको. सामानाची कुणी नोंद करतं का?

आणि यांचे या महिन्यातले पाचही उपदेश कशावर? 'विश्वासणाऱ्यानं स्थानिक मंडळीचं सभासद का असावं!' आत्ताच स्वयंपाकघरात तालीम झाली. "ज्याला मंडळी नाही, स्वतःचं चर्च नाही, तो नुसता वाटसरू," असं म्हणून यांनी टेबलावर मूठ आपटली. मी कांदा चिरत होते. म्हटलं, "हो का?"

दिव्याखाली अंधार!

बुधवार, ४ सप्टेंबर
सांगितलं नाही. मजा येतेय.

रविवार, ८ सप्टेंबर
डोकं दुखतंय असं यांना सांगून मी घरीच राहिले. हे उपासनेला गेले, घंटा थांबली, की मी मागच्या दारानं बाहेर. बसस्टँडच्या पलीकडच्या चर्चमध्ये गेले. वाटसरूच ना मी? मग फिरते!

काय सुख! शेवटच्या रांगेत बसले. साठवणीच्या खोलीची किल्ली कुठे, कुणी विचारलं नाही. साहेबांचा घसा कसा आहे, कुणी विचारलं नाही. उपदेशाला शेंडा ना बुडखा. (आमच्या यांचा बरा. हे यांना कधीही सांगणार नाही.) पण मला जांभई देता आली! आमच्याकडे पाळकाच्या बायकोची जांभई कमिटीच्या अजेंड्यावर जाते. मी तीन दिल्या, तिन्ही तोंड न झाकता.

शेवटी नव्या माणसांसाठीचं कार्ड भरायला दिलं. नाव माहेरचं टाकलं. व्यवसाय शिवणकाम. 'सध्या कोणत्या मंडळीत?' या रकान्यात लिहिलं, कोणत्याच नाही. लिहिलं आणि पेन तिथंच थबकलं. हे खोटं नव्हतं.

यांना वाढताना गाणं गुणगुणत होते. "डोकं थांबलं वाटतं," हे म्हणाले.

बुधवार, ११ सप्टेंबर
भंबेरी उडाली! सगळं लिहूनच काढते.

पाच वाजता बेल वाजली. हे दार उघडायला गेले. बाहेर एक म्हातारा, एक म्हातारी, हातात बिस्किटांचा पुडा. "इथं शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात ना? एकट्या आहेत. मंडळी नाही हो बिचारीला!"

"पत्ता चुकला तुमचा," हे म्हणाले.

म्हातारा हसला. "पस्तीस वर्षं पोस्टमन होतो मी. चुकत नाही."

कार्डावर पत्ता मीच दिला होता! खरा, घर क्रमांकासकट. एकोणीस वर्षं आमच्याकडे येणाऱ्या नव्या माणसांच्या मागे लागतेय, पत्ता नीट लिहा, पूर्ण लिहा. हाताला तीच सवय. आणि त्याच क्षणी मी बाहेर आले, तीही हातात कात्री घेऊन.

"याच त्या! जांभया देत होत्या बघा," म्हातारी म्हणाली.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुड्याकडे.

मग चहा झाला. यांनी स्वतःची ओळख 'मी इथंच असतो' अशी करून दिली! निघताना पोस्टमनच्या बायकोनं माझा हात हातात घेतला. "बाई, तुमच्यासाठी काय मागू देवाकडे? तुमच्यासाठी हं."

एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. रडूच फुटलं, यांच्यासमोर, परक्या माणसांसमोर. हे हातातल्या बिस्किटाकडे बघत बसले.

गुरुवार, १२ सप्टेंबर
दुपारपर्यंत अबोला. मग हे म्हणाले, "माझा एवढा कंटाळा आला तुला?"

म्हटलं, "तुमचा नाही हो. पण सगळ्यांना पाळक आहे, मला नुसता नवरा आहे. नवऱ्याची कागाळी करायची तर कुणाकडे जाऊ? नवऱ्याकडेच?"

रजिस्टर पुढ्यात ठेवलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं यांनी. चष्मा काढला.

"तिकडे जाणार आहेस का तू?" आवाज एवढासा झाला होता.

खरं सांगू? मन ओढ घेत होतं तिकडे. किती गोड माणसं! पण तिकडे माझ्यावर कुणी चिडणार नाही. पाहुण्यावर कोण चिडतं? आणि मला असं कुणीतरी हवंय, जे माझ्यावर हक्कानं चिडेल.

"इथंच राहीन," म्हटलं, "पण सामान म्हणून नाही."

"मग उद्याच लिही ना नाव."

"असं कसं? नियम आहे ना तुमचा. दोन सभासदांची शिफारस, मंडळीपुढे उभं राहून प्रश्नांची उत्तरं. मला सूट नको."

रविवार, १५ सप्टेंबर
तिसरा उपदेश. 'वाटसरू' आला, तसे हे अडखळले. पाणी प्यायले. एक अख्खं पान गाळलं. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर
शिफारशीसाठी मुद्दाम नर्सबाईंकडे गेले. सेवेतून निवृत्त झाल्या, पण दरारा अजून वॉर्डातलाच.

"शिफारस? तुमची?" त्यांनी अर्ज बाजूला सारला. "मी वेदीपाशी फुलं ठेवते, तुम्ही ती खांबाआड सरकवता. न विचारता! अकरा वर्षं बघतेय. गाताना दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही. आणि माझ्या नातीच्या लग्नातून जेवण अर्धवट टाकून उठलात!"

अर्धा तास ही सरबत्ती! आजवर या बाई 'हो, पाळकीणबाई' याच्यापुढे गेल्या नव्हत्या. सगळं पोटात साठवून ठेवलं होतं. मी मान खाली घालून ऐकलं. मनातून गुदगुल्या होत होत्या. फुलांचं खरं होतं, तशी माफी मागितली.

"आता कसं!" म्हणाल्या आणि सही ठोकली. कागदाला भोक पडलं.

दुसरी सही सुतारकाकांची. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही कोण होतात?"

"पाहुणी."

"पाहुणी दर रविवारी बाकं सरकवते होय?"

रविवार, २२ सप्टेंबर
उभी राहिले. पदर तीनदा सारखा केला. वाटतं तितकं सोपं नाही. दरवर्षी दुसऱ्यांना उभं करते, तेव्हा कळत नाही!

प्रश्न यांनीच विचारले. "या मंडळीच्या सुखात आणि दुःखात तुम्ही आपला वाटा उचलाल का?" आमचे हे मला 'तुम्ही' म्हणाले! मी "हो" म्हटलं.

"ऐकू आलं नाही!" नर्सबाई.

"हो!!" सगळं चर्च हसलं. मीही हसले.

दोनशे पंधरा. माझ्याच अक्षरात.

सोमवार, २३ सप्टेंबर
सकाळी हे स्वयंपाकघरात आले. हातात सभासदत्वाचा कोरा अर्ज. कोरा कसला, भरलेला! नाव यांचं.

रजिस्टरमध्ये हेही नाहीत. मी शोधलंच नव्हतं, पाळकाचं नाव कोण शोधतं? यांना त्या गुरुवारीच दिसलं होतं. अकरा दिवस हा माणूस गप्प! मलाही पाळक नाही गं, म्हणाले. एक सही नर्सबाईंची घेऊन आलेत. पाऊण तास ऐकून घ्यावं लागलं म्हणे.

दुसऱ्या सहीची जागा रिकामी. अर्ज माझ्यापुढे ठेवला, पेन उघडून हातात दिलं आणि समोर उभे राहिले.

मी अर्ज नीट वाचला. म्हटलं, "चौकशी करून कळवते."