टायरची आतली कड

भावजी,

आई सतत समोर असतात, तोंडाने बोलता येत नाही, म्हणून चिठ्ठी तुमच्या बुटात ठेवतेय.

तुमच्या दादांनी माझ्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली. का, तर मी कचाकच ब्रेक मारते आणि नवे टायर खाते. तेव्हा तुम्ही तिथेच मान खाली घालून जेवत होतात.

आज मी गाडीखाली वाकून बघितलं. टायरची बाहेरची कड नव्यासारखी आहे, आतली पार गुळगुळीत, तारा दिसतायत. ब्रेकने टायर असा एकाच कडेने झिजत नाही. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तुम्ही स्प्रिंग कापून ती खाली घेतलीत. त्याने चाकं वरून आत कलली आणि अलाइनमेंट करायचं तुम्ही टाळलंत. गाडी डावीकडे ओढते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मी सांगितलं तर ते म्हणतील, सबबी सांगते. उद्या ते आईंना घेऊन त्याच टायरांवर हायवेने निघणार आहेत. तेव्हा आज जेवताना तुम्हीच तोंड उघडा.

मला काही विचारायचं असेल तर शोधावं लागणार नाही. किल्ली गेल्यापासून मी घरातच असते.

वहिनी