डब्याच्या तळाचा सात

गेवराई, मंगळवार, संध्याकाळ

दह्याच्या डब्यांचा नवा साचा आला. तळाच्या त्रिकोणात आकडा सात. डबा पाच नंबरच्या प्लास्टिकचा, मग सात कुठून आला? दाजी म्हणाले, "पाच आपल्याला लाभत न्हाई. जीपच्या नंबरातला सात लई लाभला, म्हून मीच बदलून घेतला."

अहो, तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, नशीब नाही. तर म्हणे, "तळ कोण बघतंय बे?"

भंगारवाला बघतो. पाच दिसला की वितळवायला वेगळा काढतो. सात म्हणजे कशातच न बसणारं, कुणालाच नको असलेलं. आता आमचा चांगला डबा उकिरड्यावर जाणार. आणि हा माणूस कारखान्याचा मालक. वर माझ्या ताईचा नवरा.

तो सात खरं तर दाजींच्या कपाळावर कोरायला हवा होता.