मराठीचं कपाट

३ जून, सोमवार
आमची सीमाभागातली लायब्ररी नव्या इमारतीत जाणार. ग्रंथपाल मल्लिकार्जुन पेपराची घडी घालता घालता बोलला, उद्या नळाला पाणी नाही असं सांगावं तसं. मी विचारलं, मराठीच्या एकुलत्या कपाटाचं काय? "येतंय की अक्का, मागून."
हे 'मागून' मला ठाऊक आहे. निजामाच्या काळातल्या जुन्या खोलीतून लायब्ररी इथे आली, तेव्हा उर्दूचं कपाटही मागूनच येणार होतं. माझे वडील, अप्पा, शेवटपर्यंत विचारत राहिले. त्यांची शाळा उर्दूतली.
संध्याकाळी शेजारच्या नीलाक्काला म्हटलं, हे कपाट गेलंच समजा. गावभर होईल. होऊ दे.

६ जून, गुरुवार
वरच्या फळीत फट. खेटून उभ्या असलेल्या कादंबऱ्या आज एकमेकींवर कलंडलेल्या.
मल्लिकार्जुन : "लोक वाचायलेत अक्का. चांगलंच हाय की."
वाचायलेत! एरवी पेपरातल्या बाजारभावाच्या पलीकडे न जाणारे लोक.
मागच्या दाराला रद्दीवाला. पोतं उघडायला लावलं. "पेपरच हायत, माय." पेपरच होते. तरीही.

१० जून, सोमवार
खालची फळीही निम्मी रिकामी. दारासमोर खुर्ची टाकून बसले, जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे लक्ष. आज मात्र सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या.
मल्लिकार्जुनने चहा मागवला. मी घेतला नाही. "चहात कायबी टाकलं न्हाई, अक्का." हसला. हसू नये अशा वेळी हसणारा माणूस.
मग म्हणाला, शनिवारी जिल्ह्याचे साहेब पाहणीला यायलेत. ज्या भाषेची पुस्तकं दिसतील, तिला तेवढी जागा.
असा डाव आहे तर. आधी रिकामं करा, मग रिकामं म्हणून दाखवा.

११ जून, मंगळवार
नीलाक्काकडे लोणच्याची बरणी परत द्यायला गेले. ज्वारीच्या कणगीमागे वाकळ, वाकळीखाली पुस्तकं. लायब्ररीचा शिक्का.
"तुमीच म्हनल्या न्हवं का बाई, कपाट जाणार म्हून? म्हून आणून ठिवली. मी एकटीच न्हाई, समद्यांनी नेली."
बसायला पाट दिला. बसले नाही.
म्हणजे माझ्या बोलण्याने…

१२ जून, बुधवार
सकाळपासून घरोघर. शनिवारपर्यंत पुस्तकं परत आणा, नाहीतर कपाट खरंच जाईल.
कापडदुकानवाले शरणप्पा : "कामून? मल्लिकार्जुननं पाठवलं व्हय तुमाला?"
त्यांच्या सूनबाई आतून, मला ऐकू येईल अशा : "त्या दिशी कपाट गेलं म्हनल्या, आता पुस्तकं आणा म्हनायल्यात. कायतरी ठरलंय यांचं."
माझ्यावर संशय! पस्तीस वर्षं यांची पोरं शिकवली.
शेवटी मल्लिकार्जुनला सगळं सांगितलं. "माझ्यावर पहारा दिला अक्का, अन् चोर समदे तुमचेच निघाले." रागावला नाही. याला आधीच माहीत होतं का? मग अडवलं का नाही? विचारलं. "वाचणाऱ्याला कसं अडवू?" उत्तर बरोबर आहे, म्हणून जास्तच खटकतं.

१४ जून, शुक्रवार
नीलाक्काने एक पिशवी परत आणली, तीही निम्मी. बाकीची? "साहेब काय म्हंतोय बघू, मग आणू." साहेबाला दाखवायलाच हवी आहेत, हे चारदा सांगितलं. "व्हय व्हय," म्हणाली आणि गेली.
उद्या पाहणी. तीन फळ्या उघड्या.
एकच उपाय उरतो. माझी स्वतःची पुस्तकं, दोन पेट्या. लायब्ररीला दान. फळ्या भरतील. पण एकदा शिक्का बसला की ती माझी नाहीत, आणि नव्या इमारतीत नक्की जातील असं लिहून कोण देणार? मल्लिकार्जुन? विचारलं. "अक्का, मी माझ्या जबानीवर सांगतो." जबानीवर.
रिक्षा बोलावली. पेट्या उंबऱ्याशी आणल्या. वरची तीन पुस्तकं काढून घेतली. दोन परत पेटीत ठेवली.
रिक्षावाला हाका मारतोय, "बाई, भरू का न्हाई?"